लेबर पक्षाची रिस्पेक्ट ऑर्डर आपल्या गल्लीत चालेल का?

वडगावची काकू
माझा भाचा इंग्लंडात असतो. तिथल्या लेबर पक्षानं २०२४ च्या जाहीरनाम्यातच लिहून दिलं होतं म्हणे, की चौकात पिऊन दंगा करणाऱ्या, लोकांना सारखा त्रास देणाऱ्या सज्ञान माणसाविरुद्ध 'रिस्पेक्ट ऑर्डर' आणायची. अमक्या रस्त्यावर फिरकायचं नाही, उघड्यावर प्यायचं नाही, असा कोर्टाचा हुकूम. मोडला तर दोन वर्षांपर्यंत कैद. २०२५ च्या फेब्रुवारीत विधेयक मांडलंसुद्धा.

आमच्या गल्लीच्या तोंडाला मोकळा प्लॉट आहे. दिवेलागण झाली की तिथं बैठक बसते. बाटल्या नसतात, दारूची कागदी पाकिटं असतात. दातानं कोपरा फाडायचा, तोंडाला लावायचं आणि पाकीट गटारीत. गटार तुंबली की पाणी आमच्या उंबऱ्याला. देवळाची भिंत माव्यानं लाल झालीय. पोरी क्लासहून येताना पलीकडच्या बोळातून वळसा घालून येतात, याचा मला सगळ्यात जास्त राग येतो. एकाला विचारलं, "हितं काय करूलालास रे?" तर म्हणाला, "काकू, प्लॉट तुमचा हाय काय?"

आपल्या बेळगावची २०२१ ची पालिका निवडणूक पहिल्यांदा पक्षांच्या चिन्हांवर झाली. माझ्या दारात आलेल्या एकाही पत्रकात यावर ओळ नव्हती. रस्ता, गटार, पाणी, झालं. महाराष्ट्र एकीकरण समिती असो, भाजप असो, काँग्रेस असो, यावर कुणाची ठाम भूमिका आहे का? आणि आपल्या कायद्यात असलं काही आहे का?

कोर्ट आवार
काकू, कायदा आहे. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू झाली, भाजपच्या केंद्र सरकारनं आणलेली. तिच्या कलम ३५५ मध्ये दारूच्या नशेत सार्वजनिक ठिकाणी गैरवर्तन केल्यास चोवीस तासांपर्यंत साधी कैद, किंवा हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही, किंवा समाजसेवा. ही समाजसेवेची शिक्षा नवीन आहे, जुन्या दंडविधानात नव्हती. कोर्टानं नेमून दिलेलं लोकोपयोगी काम करायचं, मोबदला नाही. अडचण अशी की गुन्हा अदखलपात्र आहे. पोलीस वॉरंटशिवाय अटक करू शकत नाहीत, म्हणून कुणी कागद करायच्या भानगडीत पडत नाही.

काँग्रेसचं म्हणाल तर त्यांच्या कर्नाटक सरकारनं तंबाखूच्या कायद्यात दुरुस्ती केली. सार्वजनिक ठिकाणी तंबाखू खाल्ली, थुंकलं तर दंड दोनशेचा हजार झाला, २०२५ पासून. म्हणजे कागदावर दोन्ही पक्ष कडकच आहेत.

निपाणीकरीण
हजार रुपये भरतं कोण, तेही बघा. आमच्या बाजूला नवरा पितो आणि दंड बायकोच्या विड्यांच्या मजुरीतून जातो. शेजारणीनं पोराच्या वह्यांचे पैसे काढून दिलेले मी बघितलेत. दंड वाढवा म्हणणाऱ्या पक्षाला मी मत देणार नाही.

येळ्ळूर शिवार
काकू, तुमचा त्रास खरा आहे. पण रिस्पेक्ट ऑर्डरसारखं हत्यार आपल्या सीमाभागात मागू नका, ही हात जोडून विनंती. असलं एक हत्यार इथं आधीच आहे. जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेचं कलम १०७, आता नागरिक सुरक्षा संहितेचं १२६. गुन्हा घडायच्या आधीच 'शांतता भंग होईल' म्हणून वर्षापर्यंतचं हमीपत्र लिहून घेतात. १ नोव्हेंबरला, कर्नाटकाच्या स्थापना दिवशी, आपण मराठी माणसं काळा दिन पाळतो; तो जवळ आला की नोटिसा कुणाच्या घरी जातात? प्लॉटवर पिणाऱ्यांच्या नाही. मलाही आलीय. कामाचा दिवस बुडवून जामीनदार घेऊन दिवसभर बाकड्यावर बसलोय, गुन्हा काही नसताना. नोटीस कन्नडमध्ये, ती वाचून घ्यायला माणूस शोधला. जिथं भाषिक अल्पसंख्याक पंधरा टक्क्यांवर आहेत तिथं महत्त्वाच्या सूचना त्यांच्या भाषेत द्याव्यात, हे केंद्रानं १९५६ मध्येच मान्य केलंय.

आणि इंग्लंडचंही पूर्ण ऐका. याच लेबरनं, ब्लेअर पंतप्रधान असताना, १९९८ च्या कायद्यानं 'ॲस्बो' म्हणजे उपद्रवी वागण्याविरुद्धचा असाच कोर्टाचा हुकूम आणला होता. २०१३ अखेरपर्यंत इंग्लंड आणि वेल्समध्ये चोवीस हजारांवर हुकूम निघाले, त्यांतले निम्म्याहून जास्त मोडले गेले. शेवटी २०१४ च्या कायद्यानं ॲस्बो मोडीत काढली. उपद्रवी कोण, हे ठरवायचं ज्याच्या हातात, सगळा खेळ त्याचा.

वडगावची काकू
येळ्ळूरकर भाऊ, तुमचं वाचून मी रिस्पेक्ट ऑर्डरचा विषय सोडला. माझ्या गल्लीतली पोरं उद्या भगवा घेऊन निघाली आणि त्याच हुकुमानं घरात बसली, हे मला नको. निपाणीच्या ताईंचंही पटलं.

पण मग प्लॉट तसाच ठेवायचा, हेही मला मान्य नाही. पोरी वळसा घालतायत. कोर्टवाल्यांनी सांगितलेली समाजसेवा मला योग्य वाटते. ज्यानं पाकीट गटारीत टाकलं त्यानंच फावडं घेऊन ती गटार उपसायची, दिवसाउजेडी, गल्लीसमोर. त्यात बायकोचा पैसा जात नाही आणि गुन्हा कोर्टात शाबित झाल्याशिवाय कुणाला हात लागत नाही.

तेव्हा पुढच्या वेळी पत्रक घेऊन जो येईल, कुठल्याही चिन्हाचा, त्याला मी तीन गोष्टी विचारणार. ३५५ खाली तक्रार नोंदवायला माझ्याबरोबर ठाण्यात येणार का? समाजसेवेची शिक्षा झालेल्यांना वॉर्डातलं काम द्या म्हणून पालिकेकडून कोर्टाला लिहून देणार का? आणि प्लॉटवरचा सूचनेचा फलक मराठीतही लावणार का? कोर्ट आवारवाले, अदखलपात्र गुन्ह्याची तक्रार कशी लिहायची, नमुना टाकाल का इथं?

कोर्ट आवार
टाकतो काकू, उद्या संध्याकाळपर्यंत. तोवर तारीख, वेळ आणि दोन साक्षीदारांची नावं वहीत लिहून ठेवा. साक्षीला शेजारी उभे राहिले नाहीत तर तक्रार तिथंच अडते.