बीएमएस, बी.कॉम.: एक अख्खं सत्र पगारी कामाचं असावं का?

मुलुंड_पूर्व

भाचीची बारावी कॉमर्स झाली. बी.कॉम., बीएएफ (अकाउंटिंग-फायनान्स) की बीएमएस (मॅनेजमेंट), यावर घरात रोज वाद चाललाय. पण तीन वर्षांत ही पोरगी खऱ्या ऑफिसात किती दिवस बसणार, हे कुणीच विचारत नाही.

नव्या शैक्षणिक धोरणात ओजेटी, म्हणजे ऑफिसात जाऊन प्रत्यक्ष कामाचं प्रशिक्षण आलं, चांगलं झालं. पण ही ओजेटी ४ क्रेडिटची, म्हणजे १२० तासांची. रोजचे आठ तास धरले तर पंधरा दिवस. तेवढ्यात महिन्याचे हिशेब बंद करणं, जीएसटीची दोन रिटर्नं, ११ तारखेचं जीएसटीआर-१ आणि २० तारखेचं ३बी, एवढं एक चक्रसुद्धा पुरं बघून होत नाही. त्याआधी ब्लॅक बुक, म्हणजे शेवटच्या वर्षाचा प्रोजेक्ट अहवाल होता. तो कित्येक मुलं झेरॉक्सच्या दुकानातून आयता आणायची, हे इथल्या सगळ्यांना माहीत आहे.

अमेरिका-कॅनडात को-ऑप पदवी असते. १९०६ साली हर्मन श्नायडर यांनी सिनसिनाटी विद्यापीठात इंजिनिअरिंगच्या मुलांसाठी ती सुरू केली. कॅनडातलं वॉटर्लू विद्यापीठ १९५७ मध्ये उभं राहिलं तेच या पद्धतीवर. आता बिझनेसच्या पदव्यांनाही ती मिळते. साधारण चार महिने वर्ग, चार महिने पगारी काम, पुन्हा वर्ग. जागेसाठी मुलांनी अर्ज करायचा, मुलाखत द्यायची. काम संपलं की साहेबाने मूल्यमापन लिहायचं आणि मुलाने अहवाल.

माझं म्हणणं सरळ आहे. पाचवं किंवा सहावं सत्र पूर्णपणे पगारी कामाचं करा. नियम आडवा येत नाही. अप्रेंटिसशिपसह पदवीसाठी यूजीसीची मार्गदर्शक तत्त्वं आहेत, त्यात तीन वर्षांच्या पदवीत किमान एक आणि जास्तीत जास्त तीन सत्रं कामाची ठेवता येतात. मग आपली कॉलेजं पंधरा दिवसांवर का थांबलीत?

कॉमर्सच्या_बाई

मी सेल्फ फायनान्स विभागात शिकवते. तुमची तळमळ समजते, तरी माझा विरोध आहे.

दोन तुकड्या म्हणजे १२० मुलं. १२० पगारी जागा कोण शोधणार? परदेशात त्यासाठी स्वतंत्र विभाग असतो. आमच्याकडे प्लेसमेंटचं काम ज्या शिक्षकाकडे असतं, त्याच्याच डोक्यावर पेपर तपासणी, नॅकच्या (कॉलेजच्या मूल्यांकनाच्या) फायली आणि आठवड्याचे तास असतात. शिवाय आमच्यातले बरेच जण तासिका तत्त्वावर आहेत. एक सत्र वर्गाबाहेर गेलं की त्यांचं तेवढ्या महिन्यांचं उत्पन्न बुडालं. याचा विचार योजना आखणारे कधीच करत नाहीत.

आणि शिकण्याचं काय? कॉस्टिंग, ऑडिट, प्रत्यक्ष कर हे विषय घाईत उरकून मुलं बाहेर पाठवली, तर ती तिथे फायली लावतील. पाया कच्चा असलेल्या मुलाला कुणी लेजर हातात देत नाही.

फोर्टातला_सीए

बाईंशी सहमत. मुंबईत को-ऑप कधीचंच आहे, त्याला आर्टिकलशिप म्हणतात, म्हणजे सीए होण्यासाठी फर्ममध्ये करायची उमेदवारी. सकाळी सातला कॉलेज, अकराच्या आत फोर्टात किंवा अंधेरीत ऑफिस, संध्याकाळी क्लास. या शहरातल्या सीएंच्या पिढ्या अशाच घडल्या. जुलै २०२३ पासून नव्या मुलांना तीनऐवजी दोन वर्षं करावी लागतात. स्टायपेंड कमी असतो, कबूल. पण कामाचा अस्सल अनुभव त्यातच मिळतो, कारण पाठीमागे परीक्षा उभी असते आणि चुकलं तर सही करणारा सीनियर कान धरतो.

ज्याला कामच शिकायचंय त्याने साधं बी.कॉम. घ्यावं आणि आर्टिकलशिप धरावी. बीएमएसची फी भरून आणखी वेगळं को-ऑप कशाला?

वसई_लोकल

सीए साहेब, ती वाट सीए फाउंडेशन आणि इंटर काढणाऱ्यांची. उरलेल्या हजारो मुलांनी काय करायचं?

मला पहिली इंटर्नशिप ओळखीशिवाय मिळाली, म्हणजे बिनपगारी मिळाली. अंधेरीतल्या एका कंपनीने आम्हा मुलींना सुट्टीभर फोनवर क्रेडिट कार्डं विकायला बसवलं. पासचे पैसे आमचे, डबा आमचा. शेवटी मिळालेल्या प्रमाणपत्रावर मात्र ‘मार्केटिंग मॅनेजमेंट’. माझ्याच वर्गातली, वडिलांच्या मित्राची फर्म असलेली मुलगी त्याच काळात बीकेसीत बॅलन्स शीट वाचायला शिकली. आमच्यात हुशारीचा फरक नव्हता, ओळखीचा होता.

म्हणून मी धागाकर्त्याच्या बाजूने. कॉलेजने जागा आणल्या, सगळ्यांच्या मुलाखती घ्यायला लावल्या आणि पगाराची अट घातली, तरच विरार-बदलापूरच्या मुलांना उभं राहायला जागा मिळेल. पण बिनपगारी एक दिवसही नको. बिनपगारी सत्र झालं तर गरीब मुलं फी भरून वर राबतील, आणि ते आत्तापेक्षा वाईट.

मुलुंड_पूर्व

वसई ताई, पगाराची अट मलाही हवीच. अप्रेंटिस कायदा १९६१ चा आहे, त्यात स्टायपेंड द्यावाच लागतो. साध्या इंटर्नशिपला असं बंधन नाही, म्हणूनच सत्र अप्रेंटिसशिपच्या चौकटीत हवं.

बाई, ‘आपल्याकडे जमणार नाही’ हे मात्र पटत नाही. बाबासाहेबांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने १९४६ साली सिद्धार्थ कॉलेज काढलं आणि नोकरी करणाऱ्यांना शिकता यावं म्हणून वर्ग सकाळी ठेवले. पोटापाण्याचं काम करत शिकणारा विद्यार्थी या शहराने तेव्हाच मान्य केला. फक्त ऑफिस आणि कॉलेज एकमेकांशी कधी बोललं नाही. मुलगा दुपारी जे शिकतो त्याचे गुण सकाळच्या वर्गात मिळत नाहीत, उलट हजेरी कमी भरली म्हणून नाव काळ्या यादीत लागतं.

दादरहून_ओंटारिओ

मी इथे बिझनेसच्या को-ऑपमध्ये आहे, म्हणून थोडं प्रत्यक्षातलं. को-ऑपची फी वेगळी भरावी लागते. पदवी चारऐवजी पाच वर्षांच्या आसपास जाते. जागेची हमी नसते, विद्यापीठ संधी दाखवतं, मिळवायची तुम्ही. पहिली जागा सगळ्यात अवघड, कारण रेझ्युमेवर तोवर काहीच नसतं. बाजार मंद असला की मुलं टर्म सुरू होईपर्यंत अर्जच करत राहतात, आणि त्या काळातली झोप उडणं मी जवळून पाहिलंय.

तरीही माझं मत को-ऑपच्याच बाजूने. को-ऑपला मान्यता देणाऱ्या इथल्या संस्थेचा निकष आहे की, दोन वर्षांहून मोठ्या अभ्यासक्रमात कामाचा काळ शिकण्याच्या काळाच्या किमान ३० टक्के असावा. त्यामुळे तुम्हाला चहापाण्याला ठेवून कंपनीला परवडत नाही, कामच द्यावं लागतं. पण त्यासाठीच घरदार गहाण टाकून इकडे यावं, असं मी कुणाच्या भाचीला सांगणार नाही.

माटुंगा_कट्टा

प्रवेश घेणाऱ्यांसाठी एक गोष्ट मध्येच सांगतो. २०२४ पासून बीएमएस-बीबीए एआयसीटीई या तंत्रशिक्षण परिषदेखाली गेले आणि त्यांना सीईटी ही प्रवेश परीक्षा लागली. तेव्हा मुंबईतल्या बऱ्याच कॉलेजांनी नाव बदलून बी.कॉम. (मॅनेजमेंट स्टडीज) केलं. नावावर अडून बसू नका. मागच्या वर्षीची मुलं ओजेटीला कुठे गेली, ती यादी ऑफिसात मागा. यादी नसेल तर तेही उत्तरच आहे.

कॉमर्सच्या_बाई

सिद्धार्थचं उदाहरण योग्य आहे, मला ते मनापासून मान्य. पण तिथे नोकरी मुलांनी आणली होती, कॉलेजने नव्हे. कॉलेजने आणायची तर ते काम शिक्षकाच्या कार्यभारात धरा. वीस मुलांमागे एक शिक्षक, त्याने ऑफिसात जाऊन मुलांना भेटायचं, आणि ते तास लेक्चरइतकेच मोजायचे. हे लेखी मिळालं तर माझा विरोध निम्मा संपला. उरलेला निम्मा एटीकेटीच्या, म्हणजे विषय राहूनही पुढच्या सत्रात गेलेल्या मुलांसाठी. पाचव्या सत्राचे विषय राहिलेला मुलगा सहाव्यात दिवसभर कामावर असेल, तर तो अभ्यास कधी करणार?

फोर्टातला_सीए

मग पाचवं सत्र धरा. जून ते ऑक्टोबर. ३१ जुलैची रिटर्नं, ३० सप्टेंबरचे टॅक्स ऑडिट, आमच्यासारख्या फर्मना तेव्हाच माणसं कमी पडतात आणि तेव्हाच पोरांना शिकायला सगळ्यात जास्त मिळतं. परत आल्यावर राहिलेले विषय सहाव्यात वर्गात बसून सोडवता येतील. कंपन्यांच्या अकाउंट्स विभागांना मात्र माणसं मार्चअखेरीला हवी असतात, ते तक्रार करतील. आणि आर्टिकलशिपवरचं माझं मत आहे तिथेच आहे.

वसई_लोकल

पाचव्याला माझी हरकत नाही. फक्त जुलैत पाणी तुंबून गाड्या बंद पडल्या, त्या दिवसाचा स्टायपेंड कापायचा नाही, हेही त्या लेखी करारात घाला.