एकाच लोहामुळे बेरिल कधी निळे, कधी पिवळे कसे होते?

प्रश्न:
पाचू, ॲक्वामरीन, हेलिओडोर आणि मॉर्गनाइट ही सगळी बेरिल या एकाच खनिजाची रूपे असून शुद्ध बेरिल रंगहीन असते, असे वाचनात आले. ॲक्वामरीनचा निळा आणि हेलिओडोरचा पिवळा हे दोन्ही रंग लोहामुळेच येतात, हे कसे शक्य आहे? शिवाय ॲक्वामरीन बहुधा नितळ मिळते, पाचूत मात्र बारीक भेगा जवळजवळ ठरलेल्याच असतात. हा फरक का पडतो, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

उत्तर १:
लोहाच्या अणूने किती इलेक्ट्रॉन गमावले आहेत, यावर सगळे अवलंबून असते. दोन गमावलेले लोह निळा रंग देते, तीन गमावलेले पिवळा, आणि दोन्ही एकत्र असले तर खडा हिरवट दिसतो. म्हणूनच असे हिरवट खडे सुमारे ४०० ते ४५० अंश सेल्सिअसपर्यंत तापवले की पिवळी छटा निघून जाते आणि निळा रंग उरतो. हा रंग टिकाऊ असतो, त्यामुळे तापवलेल्या ॲक्वामरीनला कमअस्सल मानणे मला योग्य वाटत नाही. मँगनीजचेही असेच आहे. दोन इलेक्ट्रॉन गमावलेले मँगनीज मॉर्गनाइटला गुलाबी करते, तर तीन गमावलेले अमेरिकेतील युटा राज्यात सापडणाऱ्या अत्यंत दुर्मीळ लाल बेरिलला रंग देते.

उत्तर २:
भेगांचे कारण पाचूच्या जन्मात आहे. पाचूचा हिरवा रंग क्रोमियम किंवा व्हॅनेडियममुळे येतो. बेरिल घडण्यासाठी लागणारे बेरिलियम मुख्यतः ग्रॅनाइटच्या कुळातील खडकांत साठते आणि क्रोमियम अगदी वेगळ्या, सिलिका कमी असलेल्या गडद खडकांत. त्यामुळे या दोघांची गाठ सहसा पडतच नाही. जिथे पडते तिथे खडक दाबाखाली हलत, तडकत असतात आणि स्फटिक त्या धामधुमीतच वाढतो, तर ॲक्वामरीनला पेग्मटाइट या मोठ्या स्फटिकांच्या खडकातील पोकळ्यांत संथपणे वाढायला वाव मिळतो. कोलंबियाच्या पाचूंची घडण निराळी आहे. ते काळ्या शेल खडकात, खारट उष्ण द्रवांतून तयार झाले. त्यांतील एखादा खडा सूक्ष्मदर्शकाखाली धरला तर टोकदार कडांच्या चिमुकल्या पोकळीत द्रव, वायूचा बुडबुडा आणि मिठाचा चौकोनी स्फटिक अशी तिन्ही एकत्र दिसू शकतात, आणि हे दृश्य खरोखर पाहण्यासारखे असते. केवळ लोहामुळे हिरव्या झालेल्या बेरिलला मात्र पाचू म्हणत नाहीत.

प्रश्नकर्ता:
दोघांचेही मनःपूर्वक आभार. बेरिलचे काठिण्य मोस मापनश्रेणीवर ७.५ ते ८ असताना पाचू जपून वापरायला का सांगतात?

उत्तर २:
काठिण्य म्हणजे ओरखड्याला होणारा विरोध. आघात सोसण्याची क्षमता ही वेगळी गोष्ट आहे. भेगाळलेला पाचू ठिसूळ असतो आणि त्या भेगा झाकण्यासाठी त्यात बहुधा तेल किंवा राळ भरलेली असते. अल्ट्रासॉनिक यंत्राने, वाफेने किंवा गरम पाण्याने हे भरण निघू शकते, म्हणून पाचू कोमट साबणपाण्याने हलक्या हाताने धुवावा.

उत्तर ३:
निळ्या बेरिलबद्दल एक सावधगिरी सुचवतो. मॅशिशे नावाचे गर्द निळे बेरिल ब्राझीलमध्ये १९१७ च्या सुमारास सापडले. त्याचा रंग लोहाचा नसून किरणोत्सर्गामुळे स्फटिकात निर्माण झालेल्या रंगकेंद्रांचा, म्हणजे प्रकाश शोषणाऱ्या सूक्ष्म दोषांचा असतो आणि उजेडात तो फिका पडतो. किरणोत्सर्ग देऊन असे खडे कृत्रिमरीत्याही बनवता येतात. त्यामुळे ॲक्वामरीन म्हणून दाखवलेला खडा नीलमासारखा गडद असेल, तर प्रयोगशाळेचे प्रमाणपत्र पाहिल्याशिवाय तो घेऊ नये.