स्टेजवर कुणाकुणाला बोलवायचं?

ताई (कॅलिफोर्निया): आबा, आई, सगळ्यांचंच मत हवंय. पुढच्या गुरुवारी छकुलीच्या शाळेत छोटा कार्यक्रम आहे. बालवाडीपासून बारावीपर्यंत स्पॅनिश माध्यमाच्या वर्गात टिकलेल्या मुलांचं कौतुक करायचंय. बालवाडीत दोन तुकड्या होत्या, आता एकवीस मुलं उरलीत. पालक समितीत मी आहे आणि आमचं एकमत होत नाहीये.

काकू नाशिक: अभिनंदन गं! मागे आली होती तेव्हा माझ्या पोळीला तोर्तिया म्हणत होती 😄

दादा: अगं पण स्पॅनिश हा विषय होता ना? की सगळा वर्गच स्पॅनिशमध्ये?

ताई (कॅलिफोर्निया): सगळा वर्ग, दादा. बालवाडीत ९० टक्के स्पॅनिश. गणित, गोष्टी, झाडं-पानं, सगळं त्यातच. मग दरवर्षी इंग्रजी थोडी थोडी वाढते आणि पाचवीपर्यंत निम्मं-निम्मं होतं. पहिले दोन महिने रोज रडत घरी यायची. पाणीसुद्धा मागता येईना. शेवटी शेजारी बसणाऱ्या मुलीने हाताला धरून नळापाशी नेलं आणि "आग्वा" म्हणायला लावलं. तीच तिची आजवरची जिवाभावाची मैत्रीण.

मी: व्हिडिओ कॉलवर असते ती?

ताई (कॅलिफोर्निया): तीच. आईवडील मेक्सिकोतून आलेले, वडील स्ट्रॉबेरीच्या शेतावर कामाला.

दादा: याचं सर्टिफिकेट मिळतं का? कॉलेजला उपयोग?

ताई (कॅलिफोर्निया): राज्याचा द्विभाषिक शिक्का मिळतो, डिप्लोमावर सोनेरी. २०११ साली कायदा झाला. कॅलिफोर्निया त्यात पहिलं, मग बाकीची राज्यं आली. इंग्रजीची अट पूर्ण करावी लागते, शिवाय दुसऱ्या भाषेच्या एपी (शाळेत असतानाच देतात त्या कॉलेजच्या पातळीच्या) परीक्षेत ५ पैकी किमान ३ गुण, नाहीतर तोंडी परीक्षेसकट चार वर्षांचा कोर्स वगैरे. छकुलीला गेल्या वर्षीच ४ मिळाले. कॉलेजच्या अर्जात लिहिता येतं, पण माझं भांडण त्यावर नाहीये.

काही पालक म्हणतात, शिक्का मिळालेल्यांनाच स्टेजवर बोलवा. म्हणजे तीन मुलं खाली बसणार. तेरा वर्षं वर्गात बसलीत ती, एका परीक्षेत कमी पडली एवढंच. आणि एकजण तर म्हणाले, ज्यांच्या घरी स्पॅनिशच बोलतात त्यांचं यात विशेष ते काय? त्या मैत्रिणीची आई तिथेच बसली होती. काही बोलली नाही. पर्स मांडीवर घेऊन तिची चेन उघडबंद करत राहिली.

आई: अरे देवा.

ताई (कॅलिफोर्निया): आई, मला रात्री झोप नाही लागली. आमच्या वर्गात निम्मी मुलं घरी इंग्रजी बोलणारी, निम्मी स्पॅनिश. दोघांनी एकमेकांना शिकवायचं, अशीच रचना आहे. कॅनडात माँट्रियलजवळ सेंट लँबर्टला १९६५ साली इंग्रजी बोलणाऱ्या पालकांनी हट्ट धरून फ्रेंच बालवाडी काढली, तिथून ही पद्धत वाढली. पण तिथली मुलं सगळी इंग्रजी घरांतली. इथे तसं नाही. छकुली स्पॅनिश बोलली की लोक "वा!" म्हणतात. तिची मैत्रीण तितकंच छान इंग्रजी बोलते, तर ते धरूनच चालतात.

इथे १९९८ साली मतदान घेऊन शाळांतलं दोन भाषांतलं शिक्षण जवळजवळ बंद पाडलं होतं, २०१६ ला पुन्हा मतदान होऊन ते बंधन उठलं. छकुलीच्या त्या मैत्रिणीचा मामा मधल्या काळात शाळेत होता. वर्गात स्पॅनिश बोलला की त्याला गप्प करायचे.

काकू नाशिक: म्हणजे जी भाषा बोलल्याबद्दल मामाला गप्प केलं, तिचाच शिक्का भाचीला. बोलवाच तिला, आणि आईलाही वर बोलवा.

दादा: मला हे ठाऊकच नव्हतं. मी आपला कॉलेजचा विचार करत बसलो. सगळ्या एकवीस मुलांना बोलव.

आबा: मी सावकाश टाइप करतोय, थांबा.

आबा: मी धडगावला होतो तेव्हा तो तालुका धुळे जिल्ह्यात होता. पहिलीची पोरं घरून पावरी भाषा घेऊन यायची. मी फळ्यावर क कमळाचा काढायचो. कमळ त्यांतल्या कोणी पाहिलेलं नव्हतं. महिना-महिना वर्ग गप्प असे. छकुली नळापाशी रडली म्हणतेस ना, तसंच.

एक मुलगा चौथीत असताना त्याच्या आजोबांना तालुक्याहून पत्र आलं. मराठीत. मुलाने ते हातात धरलं आणि सरळ पावरीत वाचून दाखवलं. कागदावर मराठी, तोंडातून पावरी, मध्ये कुठे अडखळला नाही. मी ओसरीवर बसून ऐकत होतो. वर्षअखेर मी त्याला वही दिली. कशाबद्दल, तर सुंदर हस्ताक्षराबद्दल. त्या दिवशी त्याने आमच्या डोळ्यांसमोर जे केलं, त्याबद्दल मी वर्गात एक शब्द बोललो नाही. त्याची भाषा मला अडचण वाटायची. चूक माझी होती.

एकवीसच्या एकवीस बोलव. आणि नावं दोन्ही भाषांत पुकारा, आधी स्पॅनिशमध्ये.

मी: आबा 🙏

ताई (कॅलिफोर्निया): आबा, हे मी भाषांतर करून उद्याच्या मीटिंगमध्ये वाचून दाखवू का?

आबा: वाच. मुलाचं नाव मी लिहिलेलं नाही, तू विचारूही नकोस.

आई: आणि मराठीचा शिक्का नाही का गं मिळत?

ताई (कॅलिफोर्निया): कायद्यात इंग्रजीखेरीज कुठलीही भाषा चालते, एकाहून जास्त भाषांसाठीही मिळतो. पण आपल्या भाषेची परीक्षा घ्यायची सोय शाळा विभागाने करायला हवी. धाकटा सहावीत आहे, आत्तापासून मागे लागते. रविवारच्या मराठी शाळेतल्या बाईंनाही बरोबर घेते.

आबा: कार्यक्रम आपल्याकडे किती वाजता?

ताई (कॅलिफोर्निया): आमचे गुरुवारचे संध्याकाळचे सहा, म्हणजे तुमचे शुक्रवारी सकाळी साडेसहा. व्हिडिओ कॉल लावते.

आबा: त्या मैत्रिणीच्या आईला फोनवर दे. अभिनंदन कसं म्हणायचं ते देवनागरीत लिहून पाठव.

ताई (कॅलिफोर्निया): फेलिसिदादेस, सेन्योरा.

आबा: मिळालं. वहीत उतरवून घेतलं.