टोकियोत गर्दी नसलेलं शिंतो देऊळ सुचवा

शेवंती: नोव्हेंबरच्या शेवटच्या आठवड्यात आईला घेऊन टोकियोला जातेय. मुक्काम निशि-कासाईला भावाकडे. जो तो मेइजी आणि आसाकुसा सांगतो, पण गर्दीत आईचा जीव घुसमटतो. तिला दर्शन झाल्यावर देवळात घटकाभर टेकायचं असतं. शहरातच असं एखादं शांत, जुनं ठिकाण आहे का? आणि तिथे नमस्कार कसा करतात?

एदोकर: आकासाका हिकावा जिंजा (जिंजा म्हणजे शिंतो देऊळ). डोळे झाकून जा! रोप्पोंगीच्या उंच इमारतींपासून चालत जाण्यासारखं आहे, पण आवारात शिरलात की दाट झाडी. मेइजी जिंगू आणि आसाकुसाचं सेन्सोजी, दोन्हींच्या मुख्य वास्तू 1945च्या बॉम्बहल्ल्यांत जळाल्या आणि 1958 साली पुन्हा उभ्या राहिल्या. हिकावाची वास्तू मात्र आठवा शोगुन (लष्करी शासक) योशिमुने याने 1730 साली बांधली तीच आहे. 1855 आणि 1923चे भूकंप आणि नंतरचं युद्ध, सगळ्यांतून ती वाचली. योशिमुने काटकसरीचा पुरस्कर्ता, त्यामुळे शोगुनने बांधलेलं असूनही फार नक्षीकाम नाही. लाल रंगातला तो साधेपणाच मला सगळ्यात भावतो.

निशि-कासाईहून तोझाई लाइनने ओतेमाची, तिथे चियोदा लाइन पकडून आकासाका.

रानजाई: अतागो जिंजाही सुंदर आहे. टेकडीवर, मध्यवस्तीत.

एदोकर: रानजाई, अतागो मलाही आवडतं, पण समोरच्या 86 दगडी पायऱ्या भलत्याच उभ्या आहेत. बाजूला लिफ्ट आहे म्हणा. तरी निवांत टेकायचं तर मी हिकावाच सांगेन.

माऊ_तोक्यो: हिकावाला माझंही मत. आईंना आधी गोष्ट सांगून ठेवा: तिथला एक देव सुसानोओ. त्याने आठ डोक्यांचा सर्प मारून कुशिनादाहिमेला वाचवलं आणि तिच्याशी लग्न केलं. तीही तिथे पूजली जाते, म्हणून लग्न जुळावं यासाठी तिथे बरेच जण येतात.

आता रीत. तोरीतून (देवळाच्या कमानीतून) शिरताना किंचित वाका आणि वाटेच्या कडेने चाला, मधली वाट देवाची. पाण्याच्या कुंडावर आधी डावा हात धुवायचा, मग उजवा. मग डाव्या ओंजळीत पाणी घेऊन चूळ भरायची (पळीला तोंड लावायचं नाही) आणि डावा हात पुन्हा धुवायचा. शेवटी पळी उभी धरली की उरलेलं पाणी दांड्यावरून ओघळून तो धुतला जातो. दानपेटीत नाणं टाकून दोनदा खोल वाका, दोन टाळ्या वाजवा, मनात काय ते मागा, पुन्हा एकदा वाका. चपला काढायच्या नसतात, बाहेरूनच दर्शन. आईंनी हात जोडले तरी कुणी वावगं मानणार नाही.

शनिवार-रविवार टाळा. नोव्हेंबरात तीन, पाच, सात वर्षांच्या मुलांना नटवून आणतात, शिवाय लग्नंही असतात. आठवड्यातल्या एखाद्या सकाळी जा. आवारात सुमारे 400 वर्षांचा गिंको वृक्ष आहे, तेव्हा पिवळा होत आलेला असेल.

शेवंती: एदोकर, माऊ, खूप आभार. मंगळवारी सकाळचं ठरवते. देवळाचा शिक्का वहीत घेतात म्हणे, साधी वही चालते का?

माऊ_तोक्यो: साधी नको. गोशुइन्चो नावाची घडीची वही मिळते, ती घ्या. आधी दर्शन, मग शिक्का. हवं ते पान उघडून द्या आणि सुटे येन जवळ ठेवा.

एदोकर: आवारातलं इनारीचं (भातपिकाच्या देवतेचं) छोटं देऊळही चुकवू नका.