देवाच्या बचावासाठी माणसाच्या नावावर पावती फाडू नका

कृष्णाकाठ
काल सांगलीच्या पुराच्या आठवणींच्या पोस्टखाली ‘दत्तभक्त_औदुंबर’ यांनी लिहिलं: “2019 ला ज्यांचं गेलं त्यांचं मागच्या जन्मीचं देणं फिटलं. देव कुणावर अन्याय करत नाही. दुःख हाही प्रसादच.” खाली हात जोडणाऱ्यांची ही रांग. रात्री गप्प बसलो, आता बसवत नाही.

8 ऑगस्ट 2019, सांगली जिल्ह्यातलं ब्रह्मनाळ. पाण्यानं वेढलेल्या गावातून बाहेर पडायला माणसं बोटीत चढली आणि बोट उलटली. बायका गेल्या, लेकरं गेली. त्या लेकरांचं कुठलं देणं राहिलं होतं, आणि कुणाचं? ज्या आईचं पोर गेलं तिच्या दारात जाऊन “प्रसाद” म्हणून दाखवा, मग बोलू.

प्रश्न जुनाच आहे. देव सगळं करू शकतो, देव दयाळू आहे, आणि तरी पोर बुडालं. ही तिन्ही एकदम खरी कशी? ब्रह्मसूत्रांत हा आक्षेप सरळ घेतलाय की असा देव पक्षपाती आणि निर्दय ठरेल. शंकराचार्यांचं उत्तर, देव ज्याचं त्याचं कर्म बघून देतो. मग पहिलं कर्म आलं कुठून? तर संसार अनादि आहे. म्हणजे कोर्टात मिळते तशी पुढची तारीख. या सगळ्यात देव निर्दोष सुटतो आणि ज्याचं घर वाहून गेलं तोच आरोपी. माझा राग देवावर नाही, त्याच्या या वकिलांवर आहे.

दत्तभक्त_औदुंबर
माझं वाक्य अर्धंच उचललंत. त्याच्या वर “माझ्या अनुभवानं सांगतो” असं होतं, ते सोयीनं गाळलं.

2019 ला आमच्या दुकानात छताला पाणी लागलं. उतरल्यावर पोती फोडून बघितली तर हळदीचा लगदा, वर बुरशी, वास आठवडाभर नाकातून जाईना. ते सोसलं. 2021 च्या मे महिन्यात बायकोला घेऊन मिरजेत बेड शोधत फिरलो. मिळाला तोवर उशीर झाला होता. त्यानंतर सारखं एकच डोक्यात: अर्धा दिवस आधी निघालो असतो तर? कर्म म्हटलं तेव्हा कुठं झोप लागायला लागली. तुमच्या तर्कानं मला काय दिलं असतं? झोपेची गोळी?

कृष्णाकाठ
दादा, तुमच्या दुःखापुढं मी कोण बोलणारा. पण स्वतःच्या जखमेला कर्म म्हणणं वेगळं आणि शेजाऱ्याच्या जखमेला म्हणणं वेगळं. तुम्ही “ज्यांचं गेलं त्यांचं” असं लिहिलंत. त्यात अख्खी सांगली आली.

पाटबंधारे_निवृत्त
देवाला कशाला मध्ये ओढता? सांगलीत कृष्णेवरच्या आयर्विन पुलाशी इशारा पातळी 40 फूट, धोका पातळी 45. 2019 ला पाणी 57 च्या वर गेलं. ज्या जागेत पाणी मागं सरून बसायचं ते ओत कुणी बुजवले? शामरावनगरात गुंठेवारीचे प्लॉट पाडताना कुठला देव उभा होता? पूररेषा नकाशावर निळी-लाल काढायची आणि तिच्या आत बांधकाम करायचं, मग पाणी आलं की “देवाचा कोप”.

वारणेचा_वाघ
साहेब, नोकरी संपल्यावर कंठ फुटला का? परवानग्या तुमच्याच शेजारच्या ऑफिसातून सुटल्या. आणि खरं नाव घ्यायला का कचरता? अलमट्टी, कृष्णेवरचं कर्नाटकातलं धरण! पाणीपातळी 519.60 मीटरवर ही गत, तर 524.256 केल्यावर सांगलीकरांनी आयर्विनवर तंबू टाकायचे काय?

पाटबंधारे_निवृत्त
परवानगी देणारं खातं वेगळं, आमचं वेगळं. पुराच्या अभ्यासाला सरकारनं नेमलेल्या वडनेरे समितीनं 2020 लाच सांगितलं की 2019 च्या पुराचं खापर अलमट्टीवर फोडता येत नाही. कमी दिवसांत प्रचंड पाऊस आणि नदीच्या पात्रातली अतिक्रमणं, हे बघा.

वारणेचा_वाघ
समिती सरकारची, अहवाल सरकारचा. पुढं उंची वाढवायला विरोध करणारंही सरकारच. मग कुठलं सरकार खरं? अहवालातलं पान टाका, नुसतं नाव नको.

माणदेशी_मेंढका
तुमचं पुराचं रडगाणं ऐकून आम्हाला हसावं का रडावं कळंना. आमच्या आटपाडीकडं ढग नुसतं तोंड दावून जायचं. एकाच जिल्ह्यात एकाला बुडवायचं अन् दुसऱ्याला तहानं मारायचं, ह्यो न्याय असंल तर देवाला आधी भूगोल शिकवा. म्हसोबाला बोकडं कापून पाणी आलं नाही बगा. नागनाथअण्णा नायकवडींनी पाणी परिषदा घेतल्या, माणसं रस्त्यावर बसली, टेंभू उपसा योजनेच्या पंपानं कृष्णेचं पाणी वर चढलं, तवा डाळिंब जगलं.

वारणेचा_वाघ
टेंभूचं लाइटबिल कोण भरतंय तेही सांगा.

माणदेशी_मेंढका
तुमच्या उसाला पाटानं पाणी सोडताना कोण भरतंय ते आधी सांगा! पन्नास वर्षं आमच्या वाट्याचं प्यालासा, अन् आता बिल इचारताय व्हय?

एक_जुना_मास्तर
उसावर आणि अलमट्टीवर वेगळं बसा की, मूळ प्रश्न राहिला बाजूला.

कृष्णाकाठ, तुम्ही शंकराचार्य आणलेत, द्रौपदीला का विसरलात? वनपर्वात ती धर्मराजाला तोंडावर सांगते की पोर खेळण्याशी खेळतं तसा विधाता माणसांशी खेळतो, जोडतो आणि मोडतो, आईबापाची माया त्याला नाही. धर्मराज म्हणतो, हे नास्तिकाचं बोलणं झालं. तरी महाभारतानं तिचं बोलणं गाळलं नाही. उत्तंक ऋषीही तसाच. युद्ध संपल्यावर कृष्णाला म्हणतो, तुला थांबवता येत असून तू थांबवलं नाहीस, तुला शापच देतो. तेव्हा आपल्यात देवाला जाब विचारणं नवं नाही, त्यासाठी नास्तिक व्हावं लागत नाही.

दत्तभक्तांना एवढंच, की 11 डिसेंबर 1967 ला पहाटे भूकंपात कोयनानगर पडलं, पावणेदोनशेच्या आसपास माणसं गेली. आमच्या आळीत तेव्हा दोन पक्ष होते, एक म्हणायचा पाप वाढलं, दुसरा म्हणायचा धरण भरलं. शास्त्रज्ञ आजही त्या भूकंपाचा संबंध जलाशयाशी लावतात. पाप कुठल्या यंत्रावर मोजलं ते पहिल्या पक्षानं कधी सांगितलं नाही.

पाटबंधारे_निवृत्त
मास्तर, धरण फुटलं नाही हेही लिहा. ते बांधणाऱ्यांचं कौतुक कुणी करत नाही.

वाईची_लेक
इतका वेळ वाचत होते. 25 जानेवारी 2005 ला मांढरदेवीच्या यात्रेत माझी मावशी गेली. तिनशेच्या घरात माणसं गेली त्या दिवशी. नारळाच्या पाण्यानं पायऱ्या बुळबुळीत झाल्या होत्या, वाट अरुंद, वरून लोट. तेराव्याला एक गृहस्थ आईला म्हणाले, “देवीच्या दारात मरण, भाग्य लागतं.” आईनं हातातलं ताट खाली ठेवलं आणि म्हणाली, “तुमच्या घरातलं पाठवा मग पुढच्या साली.” ते जेवायला थांबले नाहीत.

आणि तीच आई पुढच्या वर्षी काळूबाईला गेली. गाभाऱ्यात ओटी भरताना तिनं देवीला काय काय सुनावलं ते इथं लिहिता येणार नाही. दत्तभक्त काका, तिला तुमचं कर्म नको होतं. कृष्णाकाठ, तुमचं “तिन्ही एकदम खरी कशी” हेही तिच्या कामाचं नव्हतं. भांडायला समोर कुणीतरी लागतं, एवढं मात्र मी बघितलं.

कृष्णाकाठ
ताई, तुमच्या आईंशी माझा वाद नाही. त्या गृहस्थांशीच आहे.

दत्तभक्त_औदुंबर
ताईंसाठी “प्रसाद” हा शब्द मागं घेतो. कर्म घेत नाही. आणि कृष्णाकाठ, एक विचारतो. ब्रह्मनाळचं नाव घेता, तेव्हा तिकडं फिरकला होतात का? आम्ही भाकरी-चटणीचे गठ्ठे बांधून नेले होते. त्या टेम्पोत सगळे कर्म मानणारेच होते.

कृष्णाकाठ
मी तेव्हा पुण्यात होतो, रस्ते बंद. भाकरी नेलीत हे मोठंच काम, मान्य. पण त्यांचं देणं फिटत होतं ना? मग मध्ये का पडलात? फिटू द्यायचं.

दत्तभक्त_औदुंबर
त्यांना भोगायचं असेल ते त्यांचं. भाकरी नेणं माझं. त्यांच्या वाट्यात काय लिहिलंय हे मला माहीत नाही, म्हणून तर न्यायची.

कृष्णाकाठ
माहीत नाही ना? मग काल “देणं फिटलं” हे कुठल्या वहीत बघून लिहिलंत?

माणदेशी_मेंढका
हाणला! पर ह्यो सवाल पुण्यात बसून इचारला हेबी ध्यानात ठेवा.

दत्तभक्त_औदुंबर
वहीत नाही, गुरुचरित्रात वाचून लिहिलं. पारायण करा एकदा, मग बोलू.

वारणेचा_वाघ
पारायण होत राहील. वडनेरे अहवालाचं पान अजून कुणी टाकलेलं नाही.