स्वराजद्वीपावर मुक्काम कोणत्या किनाऱ्याला करावा?
जानेवारीत आम्ही जळगावहून मुंबईमार्गे अंदमानला जाणार असून स्वराजद्वीपावर, म्हणजे जुन्या हॅवलॉकवर, 3 रात्री राहणार आहोत. सोबत गुडघेदुखी असलेली आई आणि 7 वर्षांचा मुलगा आहे; तापीपलीकडे मोठे पाणी दोघांनीही पाहिलेले नाही. पश्चिमेचा राधानगर किनारा वाळूचा व सूर्यास्तासाठी उत्तम, परंतु धक्क्यापासून दूर आहे. पूर्वेकडील विजयनगर, गोविंदनगर भागात उपाहारगृहे जवळ असली, तरी ओहोटीला पाणी मागे सरून खडक उघडे पडतात. दोन ठिकाणी फोन केला, तेव्हा अर्थातच प्रत्येकाने आपलाच किनारा सर्वोत्तम ठरवला. आम्हाला स्कूटर चालवता येत नाही, जेवण शाकाहारीच हवे आणि खोलीभाडे रात्रीला 4000 रुपयांपर्यंत परवडेल. अशा स्थितीत तिन्ही रात्री पूर्वेला राहून राधानगरला रिक्षाने जाऊन यावे, की एक रात्र तिकडेच काढावी?