फ्रान्समध्ये गावाकडे छोटं घर घ्यायचंय, बजेट ७५ हजार युरो, सल्ला हवा

सांगलीची_अनू:
नमस्कार मंडळी. आम्ही दोघं नऊ वर्षं पॅरिसजवळ भाड्याने राहतोय. आता गावाकडे एखादं जुनं छोटं घर घ्यायचं मनात आहे, शनिवार-रविवार आणि सुट्टीला. बजेट ७५ हजार युरो, आणि नोतेरचा (खरेदीखत करणाऱ्या सरकारमान्य वकिलाचा) खर्च, दुरुस्ती सगळं यातच, कर्ज काढायचं नाहीये. गाडी नाही, दोघांनाही चालवता येत नाही, त्यामुळे स्टेशनवरून पायी जाता आलं पाहिजे. दरवर्षी आई सांगलीहून तीन महिने येते आणि चौथ्या मजल्यावर नुसती कोंडून बसते, मुख्य ते तिच्यासाठी. आणि नदीकाठी नको. २०१९ च्या पुरात आमच्या सांगलीच्या घरात छातीएवढं पाणी होतं, आईने ते परत बघायला नको. कुठला भाग बघू आणि बघताना काय तपासू?

लिमोजवाला:
क्रूझ जिल्हा, फ्रान्सच्या मध्यावरचा! दुसरीकडे बघूच नका. आम्ही २०१७ ला ३८ हजारात घेतलं, दगडी घर, मागे गोठा, दीड एकर जागा, विहीर. पॅरिसमध्ये एवढ्यात पार्किंगच्या दोन जागा येतील. पॅरिसच्या ओस्टरलिट्झ स्टेशनहून ला सुतरेनला तीनेक तासात रेल्वे येते, तिथून आमचं गाव २२ किलोमीटर.

सांगलीची_अनू:
ते २२ किलोमीटर कसे जायचे दादा?

लिमोजवाला:
लायसन्स काढा ना, किती दिवस टाळणार. गावाकडे गाडीशिवाय जमत नाही, हे लिहून घ्या.

दोर्दोन्यची_मीरा:
क्रूझमध्ये स्वस्त आहे कारण तिथे डॉक्टर नाही, दुकान नाही, हिवाळ्यात माणूस दिसत नाही. नैऋत्येचा दोर्दोन्य जिल्हा बघ अनू. आमचं १ लाख ६० हजाराला पडलं पण अक्रोडाची अकरा झाडं आहेत, मागच्या वर्षी दोन पोती अक्रोड भारतात पाठवले. थोडं बजेट वाढव, एकदाच घ्यायचंय.
पण एक सांगते, आम्हाला ठेच लागली तिथे. गावाबाहेरच्या घराला ड्रेनेज लाइन नसते, स्वतःची फॉस म्हणजे सेप्टिक टँक असते. विकणाऱ्याने स्पांकचा, म्हणजे टँक तपासणाऱ्या सरकारी खात्याचा, रिपोर्ट द्यायला लागतो, तीन वर्षांच्या आतला. आमच्यात स्पष्ट लिहिलेलं होतं की नियमात बसत नाही, आम्ही सही करून मोकळे झालो. मग कळलं की विक्रीनंतर एका वर्षात ती घेणाऱ्याने नीट करून घ्यायची असते. ११ हजार गेले आणि पूर्ण अंगण उकरलं.

लिमोजवाला:
डॉक्टर आहे आमच्याकडे, १८ किलोमीटरवर. आणि तुमच्याकडच्या किमती इंग्लंडच्या लोकांनी वाढवून ठेवल्यात, घराच्या नाहीत त्या.

रेडिंगचे_काका:
इंग्लंडच्या लोकांचा विषय निघालाच आहे तर, आमचं नॉर्मंडीत २०१२ पासून घर आहे आणि २०२१ पासून ब्रिटिश पासपोर्टवर १८० दिवसांत ९० दिवसच राहता येतं. स्वतःच्या घरात दिवस मोजून राहायचं, फार वाईट वाटतं हो. आईंना पण तेच लागू आहे, घर घेतलं म्हणून व्हिसा जास्त मिळत नाही.
आता माझा सल्ला. डिसेंबरात आम्ही नळ नुसते बंद करून आलो, पाइपमधलं पाणी काढलं नाही. जानेवारीत कडक थंडी पडली, वरच्या मजल्यावर पाइप फुटला आणि तीन आठवडे पाणी वाहत होतं. शेजाऱ्यांना दाराखालून ओघळ दिसला तेव्हा फोन आला. लाकडी जमीन सगळी फुगून वर आलेली. विमा कंपनीने पॉलिसीतलं कलम दाखवलं, रिकामं घर असेल तर पाणी काढून ठेवायची जबाबदारी तुमची, आणि एक पैसा दिला नाही. तेव्हा मेन कॉक कुठे आहे आणि सगळ्यात खालचा नळ कुठला हे घर बघतानाच विचारा.

ल्योंची_सई:
मी तर म्हणेन घेऊच नका. वर्षात किती वेळा जाल? सहा? भाड्याने गावाकडचं घर घ्या आठवड्यासाठी, दरवर्षी वेगळा भाग बघा. दुसऱ्या घरावर दोन टॅक्स, फोंसिएर (मालकाची घरपट्टी) आहेच आणि ताक्स दाबितासियों (राहण्यावरचा कर) २०२३ पासून राहत्या घरावरची गेली पण दुसऱ्या घरावर अजून आहे. शिवाय तुमच्या बजेटमध्ये डीपीई, म्हणजे घराला किती ऊर्जा लागते त्याची ए ते जी श्रेणी, एफ किंवा जीच मिळणार. जी वालं घर जानेवारी २०२५ पासून नव्याने भाड्याने देता येत नाही, २०२८ ला एफचा नंबर. उद्या विकायला गेलात तर कोण घेणार?

रेडिंगचे_काका:
सईताई, आठवड्याच्या भाड्यात अनूच्या आईंना भाजीचा वाफा करता येतो का?

वाईचा_गवंडी:
मी मूळचा वाईचा, गेली १४ वर्षं बरगंडीत जुन्या घरांची कामं करतो. वरचं सगळं वाचलं, पण भिंतीबद्दल कोणीच बोललं नाही.
इथली जुनी दगडी भिंत चुन्यात बांधलेली असते, आपल्या वाड्यांसारखीच. ती जमिनीतली ओल वर ओढते आणि बाहेर सोडते, श्वास घेते म्हणा ना. मधल्या काळात लोकांनी त्यावर सिमेंटचा गिलावा मारला. मग ओल आत अडकते आणि लोणा लागतो. घर बघायला गेलात की कपाट सरकवून मागे बघा, भिंतीच्या खालच्या हातभर भागावर हात फिरवा, पांढरी भुकटी बोटाला लागली की समजा. नुकताच रंग दिलेला असेल तर जास्त बघा. उपाय आहे, सिमेंट झोडून काढायचं आणि परत चुन्याचं करायचं, पण वर्षभर भिंत वाळू द्यावी लागते.
दुसरं, माळ्यावर चढाच. एजंट म्हणेल शिडी नाही, तर शिडी घेऊन परत या म्हणावं. वासे आणि तुळईत स्क्रूड्रायव्हर खुपसून बघा, लोण्यासारखा आत गेला तर कीड आहे. कौलं बदलता येतात, तुळई बदलायला गेलात की तुमचं बजेट संपलं.
एफ-जी घर विकणाऱ्याला एप्रिल २०२३ पासून एनर्जी ऑडिट करून द्यावं लागतं, ते मागून घ्या. त्यात काय काम करायचं आणि अंदाजे किती खर्च हे लिहिलेलं असतं, भाव करायला फार उपयोगी पडतं. जी म्हणून घाबरू नका, ओल आणि छप्पर ठीक असेल तर जी चालतं.

ल्योंची_सई:
कामं करणाऱ्याला चालणारच की जी.

वाईचा_गवंडी:
ताई, मी त्यांचं काम घेणार नाहीये, इथूनच सांगतोय.

तूरवाला:
व्हियाजेचा विचार केलात का? म्हातारा माणूस घरात राहतो, आपण थोडी रक्कम आधी आणि मग दरमहा देतो, तो गेल्यावर घर आपलं. अर्ध्या किमतीत घरं असतात.

दोर्दोन्यची_मीरा:
अहो, आर्लच्या जान काल्मांची गोष्ट माहीत नाही का तुम्हाला? १९६५ मध्ये एका नोतेरने त्यांचं घर असंच घेतलं, तेव्हा त्या ९० च्या. दरमहा २५०० फ्रँक देत राहिला, १९९५ ला तोच गेला, मग त्याच्या बायकोने दिले. बाई १९९७ ला गेल्या, १२२ वर्षांच्या होऊन.

सांगलीची_अनू:
नको हो. कुणाच्या जाण्याची वाट बघत घर घ्यायचं हे मला नाही जमणार, आईला सांगताही येणार नाही.

बेर्सी_नेव्हेर:
तिला गाडी चालवता येत नाही हे कोणी वाचलंय का? पॅरिसच्या बेर्सी स्टेशनहून नेव्हेरला जाणारी रेल्वे लाइन बघा. कोन, पुयी, ला शारिते ही सगळी स्टेशनं गावाला लागून आहेत आणि किमती तुमच्या आवाक्यातल्या. लवार नदी आहे पण गाव चढावर आहे, वरच्या अंगाला बघा. पत्ता टाकून सरकारच्या जेओरिस्क साइटवर पूर, माती सगळं तपासता येतं. आणि डीव्हीएफ या सरकारी साइटवर शेजारची घरं खरोखर कितीला गेली ते फुकट दिसतं.

लिमोजवाला:
गावात घर म्हणजे जमीन नाही. मग फ्लॅट काय वाईट होता.

सांगलीची_अनू:
चार महिन्यांनी लिहितेय, राग मानू नका. घेतलं.
ला शारितेत, वरच्या बाजूला, ६२ चौरस मीटरचं, दोन खोल्या खाली दोन वर. स्टेशनपासून पायी पंधरा मिनिटं. मागे जेमतेम ४० चौरस मीटरचं अंगण, डीपीई जी. जुन्या चर्चच्या ५०० मीटरच्या आत आहे म्हणून खिडकीचा रंग बदलायचा तरी बातिमां द फ्रान्सचं (वारसा इमारती सांभाळणाऱ्या सरकारी आर्किटेक्टचं) मत घ्यावं लागतं. म्हणजे इथे सगळ्यांनी नको सांगितलेलं बहुतेक सगळं त्यात आहे.
५२ सांगत होते, डीव्हीएफ आणि ऑडिट दोन्ही पुढे ठेवलं, ४६ ला झालं. नोतेरचे ५ हजारांच्या आसपास. ड्रेनेज लाइन आहे, मीराताई, ते पहिलं विचारलं. माळ्यावर मी स्वतः चढले, तुळई टणक आहे. लोणा एका भिंतीला आहे, उत्तरेच्या, गुडघ्यापर्यंत.
खाली नदीकाठच्या जुन्या भिंतीवर पुराच्या खुणा कोरलेल्या आहेत, १८५६, १८६६. आम्ही तिथून घरापर्यंत चढ मोजत गेलो, ह्यांनी फोनवर उंची बघितली, मगच कोंप्रोमीवर (खरेदीच्या प्राथमिक करारावर) सही केली. सहीनंतर दहा दिवस मागे फिरता येतं, ते दहा दिवस मला झोप नव्हती, रोज सईताईंचं वाचत होते.
पण स्वयंपाकघरात खिडकीखाली एक दगडी सिंक आहे, उथळ, एकाच दगडातून कोरलेलं, पाणी भिंतीतून थेट बाहेर जातं. व्हिडिओ कॉलवर दाखवलं तर आई म्हणाली, अगं ही तर आपली मोरी. आणि बेकरी तिसऱ्या दाराला आहे. तिला एक शब्द फ्रेंच येत नाही, पण बोट दाखवून पाव आणता येईल, कुणाला न विचारता घराबाहेर पडता येईल. मला तेवढंच हवं होतं.

वाईचा_गवंडी:
अभिनंदन! उत्तरेच्या भिंतीवर आत काय आहे, सिमेंट की प्लास्टरबोर्ड? फोटो टाका. आणि यावर्षी रंग अजिबात देऊ नका तिला.

लिमोजवाला:
४० मीटरचं अंगण. असो, अभिनंदन. कढीपत्त्याचं रोप हवं असेल तर आमच्याकडे आहे, पण हिवाळ्यात आत घ्यावं लागतं.

सांगलीची_अनू:
हवंय! पोस्टाने येईल का? गवंडीदादा, सिमेंट आहे, फोटो शनिवारी टाकते.